बासच्या डब्यातली हवा

आप्पा,

काल नांदेडला एका शिक्षिकेच्या घरी सबवूफर बघायला गेले होते. आवाज वाढवला की ठोक्यामागून फस्स होतंय, आत पडदा फाटला असेल, नवा घालून द्या, असं बाईंचं म्हणणं. डब्यातली हवा बाहेर सोडायला एक नळी असते, तिच्या तोंडात मी रुमाल कोंबला. फस्स थांबलं. म्हणजे पडदा शाबूत होता, हवा नळीतूनच घासत बाहेर पडत होती. बाई खूश झाल्या. मला मात्र लातूरची ती बैठकीची खोली आठवली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. नवी कार्यालयं, नवे साहेब, आणि वर दुष्काळ. सकाळी टँकरमागं घागर घेऊन पळायचं, दुपारी तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात डबे जोडायचे, हे माझं काम. बदलून आलेल्या एका साहेबांनी घरासाठी बासचा, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा, मोठा डबा सांगितला होता. तो पसंत पडला तर नव्या कार्यालयाच्या सभागृहातले लाउडस्पीकरही तुम्हीच बसवा, असं ते बोलून गेले होते. त्या एका वाक्यावर तुम्ही महिनाभर आनंदात होतात.

साहेबांच्या घरी बैठकीच्या खोलीत डबा लावला. पहिल्याच ठोक्याला शीळ घातल्यागत हवा सुटते. साहेब बघतायत, त्यांचे पाहुणे बघतायत. तुम्ही नळीत फडकं कोंबता, शीळ तशीच. मग तळहात ओला करून डब्याच्या कडेकडेनं सावकाश फिरवता, आणि मागच्या खालच्या कोपऱ्याशी हात थांबतो. सुटत्या हवेनं तिथं गार लागलं असणार. तो जोड माझा. लाकूड चिकटवायचा सरस कढवायला पाणी लागतं, घरात पाऊण घागर उरलेली, म्हणून मी सरस घट्टच ठेवला होता; लाकडानं धरलाच नाही. तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझी हाय, साहेब," म्हणालात. साहेब सभ्य माणूस, चहा पाजून निरोप दिला. सभागृहाचं काम दुसऱ्याला गेलं.

परतताना डबा सायकलच्या कॅरिअरवर, तुम्ही हँडल धरलेलं, मी मागून डबा. गंजगोलाईच्या बाजारापर्यंत आलो. मग न थांबता विचारलंत, "पानी नव्हतं तर मला सांगायचं की. जोड धरला न्हाई, हे तुला कळलं नव्हतं का?"

मी नाही म्हणाले.

"मग तुझी चूक न्हाई. मीच शिकवलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला समोर बसवून ओल्या तळहातानं गळती शोधायला शिकवलंत. आज त्यावरच माझं घर चालतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. कळलं होतं, आप्पा. तुम्ही जेवायला घरी गेलात तेव्हा मी डबा लावून पाहिला होता. शीळ ऐकू आली, आणि मी आवाज कमी केला.