फळ्यावरचे चौकोन

सोनपेठ, ६ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास आजीचे लय लय आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र पावलं. मला छापील अक्षरं लागतात, तुजी तर मुंग्यावाणी. मनून रविवारी एकादशीच्या भजनात भागवत गुरुजींना वाचाया लावलं. गावात सगळ्यांचीच पत्रं तितं वाचतात. व्हिडिओची घडी घालून बारीक करायची नवी रीत माज्या नातीनं काढली, आईकून बाया चाट पडल्या! तुज्या पत्रातले चौकोन गुरुजींनी फळ्यावर काढून समजावले. शेजारची रेणुका मनली, माजी साडीची घडी सुदीक अशी बसत न्हाई. तिची कशी बसंल, भांडल्याबगर दिस जात न्हाई तिचा! तूर बरी हाय. जेवत जा.

माया पातळ होऊ देऊ नको,
तुजी आजी प्रभावती

पुणे, १३ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस निकिताचा शि. सा. न. वि. वि.

आजी, काय केलंस हे! शेवटी 'घरातच ठेव' लिहिलं होतं, तेही गुरुजींनी मोठ्यानं वाचलं का? या रीतीचं पेटंट आमची कंपनी घेणार होती. मग वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला पैसे भरावे लागले असते. समोरच्या कंपन्या त्यांची रीत सगळ्यांना फुकट देतात, त्यांच्याशीच टक्कर आहे. अर्ज पुढच्या महिन्यात. त्याआधी रीत चारचौघांत उघडी झाल्याचं कुणी दाखवलं, तर पेटंट जाईल आणि माझी नोकरीही.

त्या फळ्याचा फोटो फिरत फिरत साहेबांकडं आलाय. त्यावर गाव नाही, तारीख नाही, म्हणून अजून तो पुरावा ठरत नाही. मी गुपित विकलं असं त्यांना वाटतंय. कुणाशी बोलू नकोस.

रागावले तरी तुझीच,
निकिता

सोनपेठ, १९ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास आशीर्वाद. वि. वि.

या बारीला एकटीनंच वाचलं, दोन दिस लागले. 'विकलं' वर बोट ठिवून बसले. आपल्या घरानं शेजारी दिलेल्या दह्याच्या इरजणाचे कदी पैसे घेतले न्हाईत, आन त्यो साहेब माज्या लेकराला चोर मनायलाय? बोलू नको मनलीस. बोलले न्हाई, लिवलं. साहेबाला कळवलं की नातीनं विकलं न्हाई, मीच वाचून घेतलं, २ नोव्हेंबरला, सोनपेठच्या देवळात. खाली एकेचाळीस बायांच्या सह्या, अंगठे. रेणुकाचा पयला. तुज्या कंपनीच्या पाकिटावरच्या पत्त्यावर स्पीडपोष्टानं धाडलं.

घरी येऊन तुजं पत्र पुन्ना वाचलं. 'उघडी झाल्याचं कुणी दाखवलं' ही वळ तवा उमगली. तशीच पोष्टात पळाले, चप्पल न्हाई पायात. टपालाची थैली एसटीनं गेली होती.

पोरी, म्या तुला वाचवलं का बुडवलं? तेवढंच लिव, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या कुणाला वाचाया द्यायची न्हाई मी.

रागावलीस तरी माया ठिव,
आजी