उत्तम हवेवर अडलेला काटा

ता. ९ ऑक्टोबर
ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी मी तुम्ही पाठवलेलं हवेच्या दाबाचं यंत्र पोत्यात गुंडाळलं, मासळीच्या रिकाम्या पेटीत उलटं घातलं आणि वर होडीचा नांगर ठेवला. दुपारी मन खाऊ लागलं. थोरल्या भावाने प्रेमाने दिलेली वस्तू अशी टाकू नये, म्हणून पुसून परत दाराजवळ टांगलं. राग मात्र गेलेला नाही, तो तुम्हालाच लिहितो आहे.

यंत्र येऊन दोन महिने झाले. काटा ‘उत्तम हवा’ या अक्षरांच्या पलीकडे गेलेला नाही. घरजावयासारखा बसून आहे. सोमवारी सकाळी बाबा अंथरुणातूनच म्हणाले, की गुडघा ठणकतोय, आज होडी सोडू नकोस. मी काटा पाहिला आणि म्हणालो, की आता आपल्याकडे यंत्र आहे. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नऊ वाजता असा वारा उठला की चार जाळी कापून सोडावी लागली. माझा भागीदार, ज्याला गाव थट्टेने मुका म्हणतं आणि ज्याची जीभ झोपेतही थांबत नाही, तो अर्धा तास गप्प राहून पाणी उपसत होता, यावरून काय ते समजा. तेरा मासे घेऊन परतलो.

जाळी पुन्हा विणता येतील. बाबांचं काय करू? तीन वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, होडी सोडायची की नाही ते सांगायचं. ते मी एका वाक्यात काढून घेतलं. आता वाऱ्याचं काही विचारलं की म्हणतात, यंत्राला विचार. अर्ध्या जेवणावरून उठतात.

बाकी देवाच्या दयेने ठीक. लोभ आहेच, काट्यावर काही उपाय असेल तर तोही असावा.

आपला
धाकटा


ता. १५ ऑक्टोबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या वहिनीला म्हणालो, की याला सोन्याचं घड्याळ दिलं तर हा त्याने खिळे ठोकेल. एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, माझ्या हातचा काटा कधी अडला नाही. हे यंत्र मी स्वतः उघडून साफ केलं, आठ दिवस रेडिओवर सांगतात त्या दाबाशी काटा जुळवला, काच लाखेने बंद केली, मगच पाठवलं. चुलीजवळ टांगलंस का? जाता-येता टिचक्या मारतोस का?

पुन्हा लिहितो, नीट वाच. दाब उतरू लागला की माशांना चाहूल लागते. वादळाआधी पोट भरून घ्यायला ते काठाजवळ येतात. तीच वेळ साधायची. काटा पार खाली गेला की ते तळाशी जाऊन बसतात. मग दोन दिवस तूही घरी बस. मासिकात छापून आलेलं आहे हे. बाबांचा गुडघा म्हणजे संधिवात, शास्त्र नव्हे. हे त्यांना वाचून दाखवू नकोस. आणि काचेला हात लावू नकोस.

सर्वांना आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

दादा


ता. २७ ऑक्टोबर
ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र चुलीजवळ नव्हतं. तरी पाच भिंतींवर टांगून पाहिलं. बायको म्हणाली, की आता माझ्या डोक्यावर टांगा. काटा प्रसन्नच. दोन वादळं येऊन गेली, त्याला पत्ता नाही.

शेवटी ते काखेत मारून बंदरावरच्या कारकुनाकडे गेलो. त्याच्या खोलीत तसंच यंत्र आहे, त्याचा काटा बराच खाली होता. त्याने विचारलं, की तुमचे भाऊ राहतात कुठे. मी सांगितलं, डोंगरावर, इथून आठ-नऊशे फूट उंच, आणि काटा तिथेच रेडिओशी जुळवलाय. तो इतका हसला की चष्मा टेबलावर पडला. म्हणाला, रेडिओवर सांगतात तो दाब समुद्रसपाटीचा, डोंगरावरची हवा हलकी. तिथे काटा रेडिओशी जुळवला आणि यंत्र समुद्रावर आणलं, तर इथल्या जड हवेने तो कायमचा वर चढून बसणार. तुमचे भाऊ हुशार दिसतात.

दादा, मी तुम्हाला उलटून बोलत नाही. फक्त चार जाळी गेली, ते सांगतो. आणि बाबा अजून बोलत नाहीत. पहाटे ते जागे असतात, मला चाहूल लागते. पण दोघेही झोपेचं सोंग घेतो.

लोभ कमी झालेला नाही, एवढं खात्रीने समजावं.

आपला
धाकटा


ता. ३ नोव्हेंबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उंचीचा मुद्दा माहितीपत्रकात होता. त्या पानावर तुझ्या वहिनीने चहाचा कप ठेवला होता. ती म्हणते, की कप माझाच होता. असो. यंत्र परत पाठव, मी इथे पुन्हा काटा लावून देतो.

गुडघ्याबद्दल जे लिहिलं ते बाबांच्या कानावर गेलं नाही ना? ते बोलले की लगेच कळव.

दादा


ता. १८ नोव्हेंबर
ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही डोंगरावरच काटा लावून पुन्हा पाठवणार, हे वाचून मी अंगणात जाऊन बसलो. बराच वेळ देवाचं नाव घेतलं. राग गेला नाही, पण एक गोष्ट सुचली.

संध्याकाळी चाकूने तुमची लाख खरवडली आणि काच काढली. क्षमा असावी. यंत्र बाबांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचं बोट धरून काट्यावर टेकवलं आणि म्हणालो, की माझं चुकलं. ते कितीतरी वेळ काटा चाचपत राहिले, जाळ्याची गाठ तपासावी तसे. मी सांगू लागलो, की हा खोटं दाखवतो, उत्तम हवेवर अडलाय. तर म्हणाले, की तो उभा कुठे आहे ते मला नको, कुठे चाललाय ते पाहू. काटा जुळवायचा मागचा स्क्रू फिरवायलाही त्यांनी मना केलं. त्यांनी मेणाचा थेंब मागून घेतला आणि काटा होता तिथे कडेला लावला.

आता रोज संध्याकाळी मेण लावतात, पहाटे बोटाने पाहतात. शुक्रवारी काटा मेणापासून बोटभर मागे सरकला होता. अक्षरं अजून उत्तम हवेचीच, बरं का. बाबांनी मला हाक मारून उठवलं. महिन्याभराने हाक ऐकली. म्हणाले, मासे आज काठाला खायला येतील. लांब जाऊ नका आणि दहाच्या आत परत या. साडेनऊला आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा चारही पेट्या भरल्या होत्या. साडेदहाला वारा सुटला. मुका त्या दिवसापासून बाबांच्या पाया पडूनच होडीत बसतो आणि बाबा म्हणतात, की पाया पड, पण गुडघा दाबू नकोस.

तुमच्यासाठी त्यांचा निरोप आहे. यंत्र चांगलं आहे, फक्त जरा मंद आहे. गुडघा आदल्या दिवशीच बोलला होता.

यंत्र परत मागितलंत, तुमचा शब्द मोडवत नाही. सोबतच्या डब्यात भुशात नीट बांधून काच पाठवली आहे. ती आता लागणार नाही.

आपला
धाकटा