हातोडा सुटतानाचा चेहरा

अमरावती,
१२ जानेवारी २०२५

आदरणीय धर्मपाल काकांना,
पौर्णिमाचा सप्रेम जय भीम.

तुमची खुशाली आईकडून कळते. गुडघ्याचं दुखणं कमी झालं म्हणे. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझं बरं चाललंय. काम तेच, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची वेबसाइट सांभाळायची, खेळाडूंचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचे. मैदानावर ऊन खाऊन इतकी काळी झालेय, की आई मला ओळखणार नाही.

तुमची शालू मजेत आहे. हॉस्टेलच्या पोळ्या तिला पुरत नाहीत, एवढीच तक्रार.

हातोडाफेकीचा जो फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकला आणि ज्यावरून तुम्ही तिच्याशी बोलणं सोडलं, त्याबद्दल लिहायला हवं. हातोडा हातातून सुटतोय, तिचं तोंड उघडं, चेहरा वाकडा, मानेच्या शिरा ताठ. त्याखाली लोकांनी नाही नाही ते लिहिलं, आणि गल्लीतल्या पोरांनी ते तुम्हाला मुद्दाम वाचून दाखवलं. तुम्ही तिला फोनवर म्हणालात, "थो फोटो काढून टाक, नाही त घरी येऊ नको."

मी तो काढून टाकायलाच बसले होते. पदक घेऊन हसतानाचा दुसरा फोटो तयार होता. शालू मागे येऊन उभी राहिली.

"काहून काढून राहिली?"

"लोकं घाण लिहून राहिले, शालू. अन् काका..."

"लिहू दे. फेकताना मी हसत नाही. मी अशीच दिसतो. गावाकडची एखादी पोरगी पाहीन त तिले समजीन, का असं दिसलं तरी चालते."

बोलताना रडत होती. पण फोटो काढून टाकू दिला नाही.

काका, आम्ही एका गल्लीत वाढलो, पण ही पोरगी एवढी धीट आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुढे इतर खेळाडू मुली आपले असेच फोटो मला पाठवायला लागल्या. नांदगाव खंडेश्वरची भालाफेक करणारी, शेंदूरजनाघाटची लांब उडीवाली. दात आवळलेले, डोळे मिटलेले, केस विस्कटलेले. वेबसाइटच्या पहिल्या पानावर आधी पाहुण्यांच्या हातून कप घेतानाचे फोटो असायचे. ते सगळं पान मी मोडलं आणि या पोरींना दिलं. सगळ्यात वर शालू.

बाकी विशेष काही नाही. इकडे थंडी बरी पडली आहे.

नाही, विशेष आहे. गेल्या आठवड्यात इथे निवड चाचणी झाली. शालू पहिली आली. आता देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जाईल. त्या दिवसाचे फोटो निवडताना तिच्या मागे, कुंपणापाशी, मफलर गुंडाळलेला एक माणूस दिसला. मी फोटो मोठा केला. तुम्ही होतात. दोन्ही मुठी वर, आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होतात.

कोणालाच न भेटता तुम्ही अकोल्याला परत गेलात. जिंकल्यावर शालूनं मला एवढंच विचारलं, "बाबाले कळवशीन का?" मी हो म्हटलं.

तो फोटो सोबत पाठवते आहे. कुठे टाकलेला नाही, तिलाही दाखवलेला नाही. तो तुम्हीच दाखवावा असं मला वाटतं. रविवारी तिला सराव नसतो. सकाळच्या गाडीनं निघालात, तर जेवायच्या आत पोचाल. मी तिला काही सांगणार नाही, फक्त बाहेर कुठे जाऊ देणार नाही.

तुमच्या लेकीची मैत्रीण, आणि तिच्याएवढीच तुमची वाट पाहणारी,
पौर्णिमा