भिंगरी पुढे निघून गेली त्याची हकिकत

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनात घातला आहे असं समज. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील.) तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की ते अजून औषधाची बाटली कपाटामागे लपवतात? इकडे सर्व खुशाल, म्हणजे माझे पाय सोडून. अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आहेत, मांड्यांचे दगड झाले आहेत, आणि बसायचं म्हटलं की मी आधी खुर्चीचा हात धरते, मग डोळे मिटते आणि स्वतःला सोडून देते.

हे कसं झालं ते तुला भिंगरीने फोनवर सांगितलंच असेल. (माझ्या सख्ख्या बहिणीला माझी बातमी माझ्याआधी ती देते, यावर आपण कधीतरी बोलू.) पण तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस, कारण ती माझ्याबद्दल फार चांगलं बोलते. तुला तिचं किती कौतुक आहे ते मला ठाऊक आहे. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये इतकी वर्षं आम्ही एकाच टेबलाशी काम करतोय. मी सुई टोचते, ती नळीवर नाव लिहिते. म्हणजे अवघड काम माझं, आणि जाताना माणसं बाही खाली करत आभार मानतात ते तिचे. आजवर मी हे हसून सोडून दिलं. पण पळण्याची कल्पना माझी होती, ताई! लिफ्टशेजारी लावलेली ती जाहिरात आधी मी वाचली. डोंगरावरच्या तलावापासून खाली गावापर्यंत अर्धमॅरेथॉन, सगळा रस्ता उताराचा. मी म्हटलं, उतरायला काय अक्कल लागते? आपण नुसतं उभं राहायचं, बाकीचं रस्ता बघतो. भिंगरी म्हणाली, "मी आपली तुझ्या पिशव्या सांभाळायला येते." आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचं नाव नोंदवून आली.

उतारावर पळायचं तर सराव उतरण्याचाच हवा, हे माझं शास्त्र. आमची इमारत आठ मजल्यांची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही लिफ्टने वर जायचो आणि जिन्याने पळत खाली यायचो, की पुन्हा लिफ्ट. (चढण्याचा सराव करायचा असतो हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.) लॅबच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं आम्ही काम चुकवतोय, म्हणून त्यांनी भिंगरीच्या हातात नळ्यांचा ट्रे द्यायला सुरुवात केली, उतरताच आहात तर तिसऱ्या मजल्यावर पोचवा म्हणून. ती बया ट्रे घेऊन बारीक बारीक पावलं टाकत उतरायची, एक नळी हलायची नाही. मी मात्र दोन दोन पायऱ्या सोडत धाडधाड खाली. प्रत्येक वेळी मीच आधी पोचायचे आणि खाली उभी राहून तिला चिडवायचे. महिन्याभरात प्रत्येक मजल्यावरची माणसं तिला नावाने हाक मारू लागली. मला एका वकिलाने विचारलं, तुम्ही त्यांच्याबरोबरच्या ना? अंगाचा तिळपापड झाला.

स्पर्धेच्या दिवशी बसने आम्हाला डोंगरावर नेऊन सोडलं. थंडी अशी की दातावर दात. शौचालयाच्या रांगेत भिंगरीने आपलं केळं मोडून पुढच्या बाईला अर्धं दिलं. (माझ्यासाठी आणलं होतं ते.) ती बाई निघाली फिजिओथेरपिस्ट, शहरातल्या कुठल्याशा पळणाऱ्या मंडळींची म्होरकी. दोघींची लगेच गट्टी जमली. मी मुद्दाम मोठ्याने भिंगरीला आठवण करून दिली, की आपलं ठरलंय, सोबत पळायचं आणि सोबत पोचायचं. ती म्हणाली, "म्हणजे काय!"

सुरुवातीला मी वाऱ्यासारखी सुटले. लांब लांब ढांगा, माणसं मागे पडतायत, मी मागे वळून भिंगरीला "चल गं, चल" म्हणतेय. असं सुख मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. मग उतार संपेचना. प्रत्येक ढांगेला टाच आपटायची, मांडीला करकचून ब्रेक लागायचा, आणि बोटं बुटाच्या नाकावर जाऊन आदळायची. अर्ध्या वाटेवर माझे पाय माझं ऐकेनात. तेवढ्यात आलीच भिंगरी, हातात ट्रे असल्यासारखी बारीक पावलं टाकत, घाम नाही, दम नाही, शेजारी ती फिजिओथेरपिस्ट. काय होतंय विचारायला थांबली. मी म्हटलं, "तू जा पुढे." आणि ताई, ती गेली! हे बोलायचं असतं, ऐकायचं नसतं, एवढं पन्नाशीच्या बाईला कळू नये? मी बघतच राहिले. दोघींच्या वेण्या एका तालात डुलत वळणाआड गेल्या. मला इतका जळफळाट झाला की त्या भरात मी थोडं अंतर धावलेसुद्धा.

पुढचा रस्ता मी उलटी चालत उतरले. उलटं चाललं की मांड्या कमी दुखतात, हा माझा स्वतःचा शोध. मात्र त्यामुळे आपल्या मागे कोण आहे ते सतत दिसतं. माझ्या मागे एक रुग्णवाहिका होती आणि रस्त्यावरचे अडथळे उचलणारे दोघेजण. पाणी देणाऱ्या मुली ओरडत होत्या, "काकू, शेवट त्या बाजूला आहे!"

शेवटच्या रेषेपाशी पाहते तर रेषेच्या अलीकडे भिंगरी उभी. पलीकडे गेलीच नव्हती. सोबत पोचायचं ठरलंय म्हणून वाट बघत थांबली होती, आणि तिच्या मागून आलेल्या बायका बक्षिसं घेऊन घरी गेल्या होत्या. मी गहिवरून जायला हवं होतं. पण थांबलेल्या वेळात तिने ही हकिकत माईकवाल्या माणसाला सांगितली होती आणि त्याने ती जमलेल्या सगळ्यांना. मी पोचताच टाळ्यांचा कडकडाट झाला, तोही तिच्या त्यागाला! हात धरून आम्ही रेषा ओलांडली. फोटोत ती पूर्ण आली आहे आणि माझा एक कान. आता सांग, अशा माणसावर रागवायचं तरी कुठून? ढकलून गेली असती तर वर्षभर पुरेल एवढं भांडण झालं असतं. तिने तेही मिळू दिलं नाही.

बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : त्या फिजिओथेरपिस्टने भिंगरीला दर रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर पळायला बोलावलंय. तिने मला विचारलं, तू पण चल. मी म्हटलं, मला कुठे वेळ? (वेळच वेळ आहे.) ती म्हणाली बरं, आणि एकटी जायचं ठरवून मोकळी झाली. रविवारचा चहा आम्ही कायम एकत्र पितो. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही, तेव्हा तू तिला फोन करून सांग, की धाकटीची तब्येत नाजूक आहे, रविवारी तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं.

ता. क. २ : मी सांगायला सांगितलं असं सांगू नकोस. मला तिचा हेवा वगैरे काही वाटत नाही. मला भीती वाटते, आणि ते अजूनच लाजिरवाणं आहे.

ता. क. ३ : मला जिना उतरवत नाही, म्हणून पत्र टाकायला भिंगरीच नेणार आहे. आत्ता ती स्वयंपाकघरात माझ्या पायांसाठी पाणी गरम करतेय आणि गुणगुणतेय. घरात डिंक नाही असं मी तिला सांगितलंय, त्यामुळे पाकीट उघडंच देतेय. डिंकाची बाटली माझ्या उशीखाली आहे. उघडा कागद हातात आला की तो वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. तेव्हा ताई, तू फोन नाही केलास तरी चालेल. आणि भिंगरे, इथवर आलीच असशील तर रविवारी निघताना मला खालून एक हाक मार. मी येईनच असं नाही. पण हाक मार.