नामिबला जायचं वय

१४ मार्च २०२०, ल्यूकन
टूर रद्द. १७ एप्रिलला केप टाउनहून निघणार होतो, मी आणि मुग्धा, दोघी मायलेकी. वीस दिवस ट्रकमधून. नामिब, एटोशा, ओकाव्हँगो, शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. ट्रक म्हणजे ट्रकच, फक्त खिडक्या लावलेला, आणि तंबू आपला आपण ठोकायचा. दोन महिने आधीच नागपूरहून लेकीकडे येऊन बसले, हवापालट होऊन तब्येत ठणठणीत होईल म्हणून. वाळवंटाची तयारी आयर्लंडात. अक्कल माझीच. कंपनी म्हणते, नवी तारीख घ्या.
ह्यांना फोन केला. "बरं झालं. ज्या जंगलात वाघ नाही ते कायचं जंगल?" ताडोब्यापलीकडे जग न पाहिलेल्या माणसाशी काय वाद घालायचा.

२ एप्रिल
दोन किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. विमानं बंद, म्हणजे मी इथेच. मु. कॉम्प्युटर चिपच्या प्लांटवर जाते, शिफ्ट चालू आहे. जावई वर लॅपटॉपसमोर. मी आणि इरा (नात, नऊ वर्षं, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत) इस्टेटीत, म्हणजे इथल्या कॉलनीत, चकरा मारतो. सगळी घरं एकसारखी. काल दुसऱ्याच दाराशी उभी राहून बेल वाजवली.

२२ एप्रिल
आज नामिबातल्या सोसुसव्लेईला असते. वाळूची टेकडी चढायची होती, सूर्य उगवायच्या आत.
कोपऱ्यावरच्या हिरवळीवर जरासा उंचवटा आहे, त्यावर चढले. ऊन होतं. डोळे मिटले, पापण्यांच्या आत सगळं केशरी. पायाखालची वाळू सरकून राहिली, एक पाऊल पुढे, अर्धं मागे. किती वेळ कोण जाणे. मग इराचा आवाज, "आजी, आर यू ग्रँड?" ग्रँड, म्हटलं, इथे ठीकला ग्रँडच म्हणतात. चपला ओल्या झाल्या होत्या.

२७ एप्रिल
एटोशा. पाणवठ्याशी गप्प बसायचं, एवढाच तिथला कार्यक्रम. दुपारी मागच्या खिडकीशी बसले. आले कोण, तर शेजारच्या मॉरीनची मांजर आणि दोन मॅगपाय पक्षी. जिराफ पुढचे पाय फाकवून पाणी पितो, तेव्हा तो अगदी असहाय असतो, हे शाळेत शिकवताना वर्गात करून दाखवायचे मी. मुली पदर तोंडाला लावून... नाही, त्या तर फ्रॉकमध्ये असायच्या. काहीही आठवतं.
झोप लागली असावी. हत्ती फार जवळून गेले, पावलांचा आवाज न करता.

१ जून
वाढदिवस, कागदावरचा. जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज. मु.ने शिरा केला, जरा गच्च झाला पण चांगला. मग दोघी नवी तारीख घ्यायला बसलो. सप्टेंबर २०२१. फॉर्म पुढेच जाईना.
"आई, पासष्ट पूर्ण झालेले त्यांना चालत नाहीत गं."
एप्रिलमध्ये चौसष्टची होते, चालले असते. आज सकाळी पासष्टची झाले. आंघोळ करताना रडून घेतलं.

३ जून
मु.ला सगळं सांगितलं. ताईबरोबर मला शाळेत पाठवलं तेव्हा खरी साडेचारचीच होते, घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. सहा पूर्ण असल्याशिवाय नाव घालता येत नव्हतं. गुरुजींनी बाबांना विचारलं, बाबा म्हणाले, घाला तुमच्या हिशेबाने. घातली १ जून. त्या हिशेबाने दीड वर्ष आधी रिटायर झाले, कधी तक्रार केली नाही. करू कुणाकडे? जि. प. शाळेत होते तेव्हा मीही कित्येक पोरांना १ जून देऊन टाकला आहे.
खरी तारीख धरली तर पुढच्या सप्टेंबरात चौसष्टच.

२६ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. माझा खरा वाढदिवस, तिथीने. पुन्हा बंदी, आता पाच किलोमीटरची. कुंडीत तुळस नाही, पुदिना होता, त्यालाच हळदकुंकू.
दादाने वर्ध्याहून पत्रिकेचा फोटो पाठवला. शके १८७८, कार्तिक शुद्ध द्वादशी. कागद पिवळा, पण अक्षर ठसठशीत. मु. नको नको म्हणत होती, तरी कंपनीला धाडायला लावला, सोबत इंग्रजीत चार ओळी. गुरू सप्तमात आहे तेही लिही, म्हटलं. नाही लिहिलं तिने.

२ डिसेंबर
उत्तर आलं. "चित्र फार सुंदर आहे. पण आम्ही पासपोर्टच धरतो." मु. हसून हसून बेजार. मला राग आला. जेवले नाही. मग जेवले.

१७ जानेवारी २०२१
तंबू मागवला. हट्टच आहे, असू दे. मागच्या अंगणात ठोकायची प्रॅक्टिस. पहिल्या दिवशी एक तास, आज तीस मिनिटं. मॉरीनने कुंपणावरून विचारलं, घर सोडताय की काय? मग खुंट्या धरायला आलीच असती, पण दोन मीटर अंतर.
दुपारी आत पडून राहिले. कापडातून पिवळा उजेड, वर पावसाची टपटप. डोळे मिटले की टपटप थांबते आणि दूरवर ट्रकचं इंजिन ऐकू येतं. कुणीतरी म्हणतं, बाई, चला, निघायचंय.

२१ एप्रिल
लस मिळाली. ६५ ते ६९ वाल्यांची पाळी होती. नाव नोंदवताना फोनवरच्या बाईने जन्मतारीख विचारली होती, मी पापणी न लववता सांगितली, एक जून पंचावन्न.
घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं. कंपनीला मी चौसष्टची, सरकारला पासष्टची. मु. म्हणाली, "जाऊ दे गं, सोयीने वय." तिला गंमत वाटली, मला लाज. नागपुरात ह्यांच्या ओळखीतली माणसं जाऊन राहिली आहेत. हे दार लावून बसलेत, लसीसाठी दोनदा हात हलवत परत आलेत, आणि मी दीड वर्ष पुढे सरकून लस घेऊन आले.

२३ एप्रिल
कंपनीला पत्र, मी स्वतः लिहिलं. वयाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते. मी पासष्टची आहे, निघताना सहासष्टची असेन. डॉक्टरचा दाखला देते. तंबू ठोकून दाखवते. मग काय ते ठरवा.

२८ मे
टूर लीडर एस्तरचा व्हिडिओ कॉल, नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडहून. इराने फोन धरला. तंबू सतरा मिनिटांत. एक खुंटी तिरकी गेली, ती एस्तरने पाहिली. गुडघ्यांचं विचारलं, खरं सांगितलं. मग म्हणाली, इतका आग्रह का?
इंग्रजीत सुचेना. इराकडून सांगवलं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला. 'नामिबला पाऊस नाही. थंड समुद्रावरून धुकं येतं, त्यावरच तिथले जीव जगतात.' दोन मार्कांचा प्रश्न. पोरं पाठ करायची, मीही पाठच केलं होतं. पाहिलेलं काहीच नाही. खरं सांगत होते की नाही, ते बघायचंय.
एस्तर फोन घेऊन उठली, खिडकी उघडली. बाहेर सगळं पांढरं. रस्ता नाही, समुद्र नाही, एका खांबाचा वरचा तुकडा तेवढा. "हे बघा, आलंय," म्हणाली. आम्ही तिघी बराच वेळ बघत राहिलो.
सोमवारी कळवते म्हणाली, वरच्यांना विचारून.
मी शिकवलं ते खरंच होतं. एवढ्याने समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. मला जायचंय.