काउंटर मीच मिळवून देणार

२ मार्च, सकाळी
नातीने फोनमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलते, तो लिहितो. वाचता मला येत नाही, म्हणजे हे गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.
नोंदवण्यासारखं: आजपासून मी कन्सल्टंट. कुणी नेमलेलं नाही. पण सुनेच्या बचत गटाच्या हॉलमध्ये जी पगारी कन्सल्टंट येते, तिला मशीनच्या सुईत दोरा ओवता येत नाही. कुणीतरी जबाबदारी घ्यायलाच हवी होती. चाळीस वर्षं मी अभ्रे आणि पिशव्या शिवून विकल्या. एका अक्षराशिवाय.

४ मार्च
वर्कशॉप. विषय, महिला आणि अल्पसंख्याक भगिनींची उद्योजकता. रंगीत चिठ्ठीवर आपलं स्वप्न लिहायचं आणि भिंतीला चिकटवायचं. मला लिहिता येत नाही म्हटल्यावर बाई म्हणाल्या, चित्र काढा आजी. मी त्यांचंच काढलं. त्यांनी ओळखलं नाही. चहा पांचट, बिस्किटं मऊ. शी.
शेजारीण अल्पसंख्याक निघाली. तीस वर्षं आमची भिंत एक, मला पत्ता नाही. तिलाही आजच कळलं. घरी येताना म्हणाली, मावशी, आता माझ्याशी जरा अदबीने बोलत चला.

५ मार्च, दुपारी
मुद्द्याचं. इस्पितळाच्या दर्शनी दालनात माल विकायचं एक काउंटर रिकामं आहे. वर्षभरासाठी एकाच गटाला मिळणार. वीस तारखेला तिथेच माल बघायला तीन परीक्षक येणार. सुनेला ते हवंच आहे. ती तिथेच धुलाईखात्यात चादरी धुते. त्या औषधी पाण्याने हातांची सालं निघाली आहेत. डॉक्टर म्हणाले, काम सोड, नाहीतर बोटं वळायची बंद होतील. ती रडत नाही. रडणारी सून चालली असती मला, निदान ऐकते.
ठराव: काउंटर मीच मिळवून देणार.

९ मार्च
सून आणि शेजारणीने माल ठरवला. मला न विचारता! खाटेच्या कठड्याला अडकवायची पिशवी. चष्म्याला कप्पा, कागदांना कप्पा, बाटलीला कप्पा. सून म्हणते, आई, लोकांचे चष्मे चादरीत गुंडाळले जाऊन धुवायला येतात, रोज बघते मी. आजाऱ्याची पिशवी! किळस आली. माल असा हवा की बघूनच माणूस बरा व्हावा. मी गुलाबी झालर सुचवली. तीन पदरी.
शेजारीण म्हणाली, मावशी, झालर बघून पेशंट उठेल खरा, पण पळूनच जाईल.
असूया. दुसरं काय.

११ मार्च
चार पिशव्यांना झालर लावली. मी दुपारी आडवी झाले तेवढ्यात सुनेने चारही उसवल्या. पुन्हा लावणार होते, पण गुडघा. धोरण म्हणून सोडून दिलं.

१४ मार्च
गटाला माझी शिकवणी. विषय, भाव कसा सांगावा. गटात पाच जणी, आल्या दोघी, त्यातली एक मशीनचं तेल मागायला. तरी रहस्य सांगून टाकलं. गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही, ते खोटं बोलतं. पाय बघायचे. चकचकीत बूट, भाव चढवा. झिजलेली चप्पल, उतरवा. मी यावर संसार केला आणि गरिबाला कधी नाडलं नाही.
कन्सल्टंटबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, इंटरेस्टिंग, पण आजी, सगळ्यांना एकच किंमत हवी, लेबल लावून. लेबल! जे मला वाचता येत नाही ते माझ्या मालावर कशाला? त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असणार.

१९ मार्च
सून दिवसभर आरशासमोर भाषण पाठ करत होती. मग म्हणाली, आई, उद्या तुम्ही घरीच थांबा, दगदग होईल. किती जीव लावते! आता तर जायलाच हवं.

२० मार्च, सकाळी
ठेवणीतले कपडे घातले. निघते.

२० मार्च, दुपारी चार
नीट सांगते.
सून आणि शेजारीण दुसरा गठ्ठा आणायला खाली गेल्या होत्या. टेबलापाशी कुणी नाही. मी उभी राहिले. पहिले परीक्षक आले, बूट असे की त्यात माझा चेहरा दिसला. भाव चढवला. दुसऱ्या बाई, सँडल बेताचे. मधला भाव. तिसरे गृहस्थ, चपलेचा अंगठा शिवलेला. बिचारे. निम्म्याहून कमी सांगितला, वर म्हटलं, कुणाला बोलू नका.
ते बोलले. तिघेही परत आले. शिवलेल्या चपलेवाले इस्पितळाचे मुख्य डॉक्टर निघाले. एवढ्या मोठ्या माणसाने असे पाय घेऊन फिरावं? शिसारी.
विचारलं, एकाच पिशवीच्या तीन किमती, ही फसवणूक नाही का? तेवढ्यात सून गठ्ठा घेऊन दारात. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघता म्हणाली, या आमच्या गटात नाहीत. सहज आल्या आहेत. शेजारीण पुढे झाली, साहेब, म्हातारं माणूस, मनावर घेऊ नका, आमची किंमत एकच, हा बघा कागद.
सहज आल्या आहेत.
अर्थात धंद्यात असं प्रसंगावधान लागतंच. माझ्याकडूनच उचललं असणार.

२१ मार्च
सुनेने वाढलं, माफी मागितली नाही. मीही नाही. मुलाने दोघींकडे एकदा पाहिलं आणि तासभर आधीच कामावर गेला. लहानपणापासून असाच सटकतो.
किळस नेमकी कुणाची करावी, ते ठरवत बसले. कन्सल्टंटबाईंची करून झाली. डॉक्टरांच्या चपलेचीही झाली. मग एकच जण उरली. कंटाळवाणा विषय. फोन बंद करते.

२६ मार्च
काउंटर मिळालं. पिशवी डॉक्टरांना आवडली म्हणे. सून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडली. म्हणजे येतं तिला. पाठीवर हात ठेवायला गेले, तर म्हणाली, आई, दूध उतू जातंय.

२ एप्रिल, संध्याकाळी
उद्घाटन. मला नेलं होतं. मागची खुर्ची. कन्सल्टंटबाईंनी सगळ्यांचे आभार मानले. शेवटी म्हणाल्या, आणि ज्या आजींमुळे एकच किंमत ठेवण्याचं महत्त्व आम्हा सर्वांना पटलं, त्यांचेही. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले, हात जोडले, दोन शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला. सून जवळ येऊन हळूच म्हणाली, आई, बसा.
बसले.
मग तिने माझ्या मांडीवर पिशव्यांचा ढीग ठेवला, लोंबणारे दोरे कापायला. शेजारणीने कात्री दिली. चार वाजेपर्यंत कापले. कुणी सल्ला विचारला नाही. एका बाईने विचारलं, आजी, शौचालय कुठे आहे?
उजवीकडे, म्हटलं.
बरोबर निघालं.