तळीतले बोटभर मासे

तुये, २८ मार्च १९८८

चि. गौरवीस सगुणकाकाचे अनेक आशीर्वाद.

बाय, तू साखळीस मुलांना विज्ञान शिकवतेस, म्हणून एक कोडे घालतो. देवळाच्या तळीत मासे इतके झाले आहेत की कुरमुरे टाकताच पाणी उकळल्यासारखे दिसते. तिथे मासे धरण्यास मनाई, खाणे रोजचे; तरी बोटापेक्षा मोठा एकही नाही. मी म्हणतो, देवाची कृपा. तुझी काकू म्हणते, कृपा असती तर अंगाने वाढले असते. मेलेला एक मासा मिठात घालून पाठवतो. माया राहू दे.

साखळी, ४ एप्रिल १९८८

ती. काकांस सा. न. वि. वि.

मासा पोचला, पोस्टमन तेव्हापासून लांबूनच पत्रे टाकतो! पोट उघडले तर आत अंडी. म्हणजे हे पिल्लू नव्हे, आई आहे. हा आफ्रिकेतून आलेला तिलापिया. गर्दी झाली की हा वाढणे थांबवतो आणि आखूड अंगानेच वीण सुरू करतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्ले पुष्कळ जगतात. आपला कालुंदर मासा अंडी दगडाला चिकटवतो. तिलापिया ती खातो.

आषाढात तळी भरून वाहिली की हे मासे ओहोळात जातील, तिथून नदीत. शेवंतीवहिनींचे घर ओहोळातल्या कालुंदरावर चालते, हे आपण जाणताच. म्हणून तळीतले मूळचे गावठी मासे निवडून देवळाच्या विहिरीत ठेवावेत, तळी उपसावी आणि तळ महिनाभर वाळू द्यावा. हे खात्रीने साधेल. पण काका, हा मासा तिथे सोडला कोणी? काकूंस नमस्कार; लोभ आहे तसाच ठेवावा.

तुये, २ मे १९८८

चि. गौरवीस आशीर्वाद.

सोडला मीच. तुला नोकरी लागली, त्या नवसाचे डबाभर जिवंत मासे बेळगावकडच्या एका विक्रेत्याकडून घेतले होते. देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांपुढे कबूल केले. त्यांतला गोकुळदास कडाडला, की आधी देवाला मासे द्यायचे आणि मग मारायचे, हा कुठला नवस! शेवटी कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार.

तळी उपसली. पहिली पाटी शेवंतीवहिनीने उचलली. देवाचे म्हणून कोणी खाईना; सगळे माडांच्या मुळाशी पुरले. गोकुळदासाने स्वतःचे दोन माड पुढे केले, हे विशेष. आता एकच धास्ती: गेल्या पावसातच काही ओहोळात उतरले असतील तर? उत्तर लवकर धाड, काकूही वाट पाहते.

साखळी, ६ मे १९८८

ती. काकांस सा. न. वि. वि.

चूक कबूल करून ती निस्तरणारे काका मला लाभले, याचा मला अभिमान आहे. धास्तीवर उपाय सोपा आहे. पाणी निवळ असेल अशा सकाळी ओहोळाच्या उथळ, संथ काठाशी जा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. तळच्या चिखलात ताटलीएवढे गोल, झाडून काढल्यासारखे खळगे एकमेकांशेजारी दिसतात का, पाहा. ती तिलापियाच्या नरांची घरटी. नाही दिसले, तरी आठवड्याने पुन्हा पाहा. शेवंतीवहिनींना सोबत न्या. त्यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण आहे.

असे खळगे दिसले तर तार करा. जाळे घेऊन येते.

आपली,
गौरवी